एक खिडकी, एक नाव

सईला वाटलं, आपण जिंकलो.

वाटणारच. अमेरिकेतल्या श्रूजबरीत एक जुनी विटांची शाळा मराठी मंडळाने विकत घेतली होती. तिथल्या हॉलमध्ये, जानेवारीच्या मीटिंगला, अकरावीतली ही मुलगी ताडकन उठली आणि शंभर वर्षांची खिडकी तिने सगळ्यांदेखत एका बोटाने वर सरकवली. रंगाचे थर बसून त्या हॉलमधली एकूणएक खिडकी चिकटून बसली होती. ही सरसर वर गेली आणि बर्फाचा वास आत आला.

"भिंतीच्या आत लोखंडी वजन असतं, दोरीला बांधलेलं," सई म्हणाली. "दोरी तुटली होती, दॅट्स ऑल. लाकूड एकदम ठणठणीत आहे. इतकं सावकाश वाढलेलं पाइन आता मिळतच नाही. कुजलं तर तेवढाच तुकडा बदलायचा. प्लास्टिकची खिडकी बिघडली की आख्खी फेका."

टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. सप्टेंबरपासून ती दर शनिवारी त्या खिडकीशी झटत होती. गावातल्या वर्कशॉपमध्ये शिकून आली, तोंडाला मास्क लावून जुना शिशाचा रंग खरवडला, उघड्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं, खडूची पूड त्याच तेलात मळून लांबी, म्हणजे पुट्टी, केली आणि काचेच्या कडेकडेने अंगठ्याने दाबत बसवली. नवा रंग तेवढा राहिला होता. तो थंडी सरल्यावर.

"बेटा, झकास," यशोधनकाका म्हणाले. ते रिटायर्ड इंजिनिअर, बिल्डिंग कमिटीचे प्रमुख. "पण गार वारा येतो गं फटीतून. तुझे गुडघे सोळा वर्षांचे आहेत, आमचे नाहीत."

"बाहेरून जादा काच लावायची, काका. स्टॉर्म विंडो. तेवढीच ऊब मिळते, आणि जुन्या खिडक्याही राहतात."

"अस्सं? बघू. नक्की विचार करू."

"बाबा, काका सेड येस," गाडीत बसल्या बसल्या सई म्हणाली.

घरात 'बघू'चा अर्थ काय असतो हे तिला पाळण्यापासून ठाऊक होतं. पण टाळ्या ऐकल्या की माणूस शिकलेलं विसरतं. बाबा, म्हणजे विवेक, नुसता हसला. गुपित पोटात ठेवलेल्या माणसासारखा.

मार्चमध्ये होळी आणि हॉलचं उद्घाटन एकाच दिवशी ठेवलं. मधले आठवडे हॉल कामासाठी बंद होता. सई दारातून आत शिरली आणि थांबली. सगळ्या खिडक्या पांढऱ्याफेक, प्लास्टिकच्या. प्रत्येकीखाली पितळी पाटी: कुणाच्या आईच्या स्मरणार्थ, कुणाच्या नातवाच्या मुंजीप्रीत्यर्थ. 'एक खिडकी, एक नाव' अशी देणगीची योजनाच काढली होती कमिटीने. एका पाटीवर मात्र उपरणं टाकलेलं.

"ओढ," बाबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

तिने ओढलं. 'सई विवेक नाडकर्णी हिच्या कौतुकाप्रीत्यर्थ.'

"तू इतकी राबलीस त्या खिडकीवर," तो म्हणाला. "म्हटलं, तीच जागा तुझ्या नावाने घ्यावी. उघडून बघ, एका बोटाने सरकते."

सरकली. तक्रारीला जागा नव्हती.

"बाबा, माझी कुठेय?"

"अगं, हीच की."

मागच्या अंगणात सगळे होळीभोवती जमले होते. लाकडांच्या मधोमध खिडकीची दोन लाकडी तावदानं उभी केलेली, काचा काढलेल्या. कडेला वाळलेली लांबी, तिच्यात अंगठ्यांचे ठसे. आपले अंगठे ओळखायला सईला जवळ जावं लागलं नाही.

"आम्ही ऐकतो हं तुम्हा मुलांचं," यशोधनकाका कौतुकाने म्हणाले. "शिशाचा रंग जाळायचा नाही, तूच सांगितलंस ना? बाकीचं सगळं लाकूड नीट गुंडाळून डंपला पाठवलं. फक्त तुझंच ठेवलं. रंगाचा कण नाही त्याच्यावर."

"काका, ती चांगली होती."

"होतीच की. म्हणून तर मान तुझा." त्यांनी काडेपेटी पुढे केली.

सईने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"लाजतेय," बाबा म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने काडेपेटी घेतली.

तेल पाजलेलं लाकूड. पहिल्याच काडीला त्याने पेट घेतला. रीतीप्रमाणे सगळ्यांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकली, थोडी हसत, थोडी शेजाऱ्यांना भीत. सईनेही ठोकली. बाकीचे दमून गप्प झाले, बटाटेवड्यांकडे वळले, तरी ती तावदानांकडे बघत ओरडतच होती, घसा फाटेपर्यंत.

"वा," यशोधनकाका बाबाला म्हणाले, "इथे जन्मली, पण आपली परंपरा जपते हो तुमची पोरगी."