सुवर्णरेखेचे वाण

सौंदर्य ही ईश्वराची स्वाक्षरी असते. निदान पारिजात कॉलनीत, मार्गशीर्षातल्या दहिवरल्या सकाळी, सुलोचनाबाई केतकरांच्या कर्दळीकडे पाहून सगळ्यांचे तसेच मत होई. स्वाक्षरी तपासून घ्यावी, असे अकरा वर्षांत कुणाला सुचले नव्हते.

केशरी उन्हे अजिंक्यताऱ्याच्या खांद्यावरून घरंगळत अंगणात येत आणि त्या पाचूपर्णी, अग्निपुष्पा कर्दळीपाशी थबकत. हिरव्या पानांवर पिवळ्या रेघा. शिरेशिरेला बिलगलेल्या, मंद, मधुवर्णी, वितळल्या सोन्याच्या रेघा. सुलोचनाबाईंनी तिचे नाव सुवर्णरेखा ठेवले होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या, नवरा गेल्यावरही, दरसाल तिचेच कंद वाण म्हणून लुटत. कुणी वाट्या लुटी, कुणी कंगवे लुटी. सुलोचनाबाई सोने लुटत. आता बावीस अंगणांत ते सोने होते, आणि बावीस अंगणांत त्यांचे नाव. दुसऱ्या कशावर त्यांचे नाव नव्हते. विजेच्या बिलावरही अजून कैलासवासी केतकरच होते.

नवी सून ऋजुता कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवी. सहा महिने ती गप्प राहिली. सुनेला शक्य असते तितकी. मग एका सकाळी तिने पानाचा तुकडा पिशवीतल्या द्रवात चुरडला आणि त्या हिरव्या रसात कागदाची पट्टी उभी केली. पान निरोगी असेल तर एकच रेघ उमटायची.

एक गुलाबी रेघ उमटली. मग तिच्याखाली, लाजत लाजत, दुसरी.

"दोन रेघा," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात क्षणभर बारशाची तयारी होती. "चांगलंच ना?"

"तसल्या नव्हेत हो, आई. कर्दळीत विषाणू आहे. पट्टी नुसतं कुळ सांगते. नेमका कोण, ते प्रयोगशाळेत कळेल."

"आणि माझ्या सोनेरी रेघा?"

"त्याच्याच."

आठ दिवसांनी नाव आले. इंग्रजी होते, ऋजुताने अर्थ सांगितला, कर्दळीची पिवळी रेघ. सुलोचनाबाईंनी ठेवलेलेच नाव म्हणायचे. भाषांतरात फक्त सोने गळाले होते.

"औषध नाही, आई. कंदाबरोबर जातो. सगळीकडची झाडं उपटून जाळायला हवीत. तुम्ही नका सांगू, मी कॉलेजचं पत्र काढते."

"वाण माझं होतं. पत्र कॉलेजचं कशाला?"

दुपारभर त्या कर्दळीपाशी बसल्या. पानावरून हात फिरवला. तापल्या कपाळावरून फिरवावा तसा. अकरा वर्षे ती आजारी होती, अकरा वर्षे फुलत होती, आणि आपण तिच्या तापाला तेज म्हणत होतो.

दिलेले वाण परत मागायला आजवर कुणी कुणाच्या दारी गेले नव्हते. सुलोचनाबाई गेल्या. हातात खुरपे, कपाळी कुंकवाविना उन्हाचा ठिपका, आणि दारोदारी तेच वाक्य: "वाण परत न्यायला आलेय."

"अहो काकू, आमची तर किती टवटवीत आहे," पाठकांची मीनल म्हणाली.

"हो ना. माझीही तशीच होती."

एक दार, दुसरे दार, बाविसावे दार. कुणी हसले, कुणी तोंड फिरवले, एकीने खड्डा बुजवायला मातीही मागितली. घरची कर्दळ त्यांनी सर्वांत शेवटी उपटली.

चार दिवस ढीग वाळला. मग तिन्हीसांजेला पेटला. पाने वळली, मिटली, काळवंडली. आणि काळवंडताना, एका श्वासापुरती, प्रत्येक पिवळी रेघ खरोखर सोन्याची झाली. मग राख. मऊ, करडी, निनावी राख.

त्या संक्रांतीला सुलोचनाबाईंनी चहाच्या गाळण्या लुटल्या. प्लास्टिकच्या.