पुढचं दार

टपालाचा संप मिटेना, तशी व्हर्ना एकेक दिवस मोजायला लागली. तिच्या नवऱ्याचं, सिरिलचं इन्शुलिन सेंट जॉन्स शहरातून पार्सलने यायचं. घरात शेवटची कुपी उरली होती आणि बर्फाच्या वादळाने गावात येणारी बोटही बंद होती.

टपाल कचेरीपुढे संपाची पाटी धरून उभ्या असलेल्या पोस्टमन लिओवर ती तुटून पडली. "मेल्या, माझा माणूस गेला तर तुझी पगारवाढ काय चाटायची मी?"

"अगं बये, तुझं पार्सल आत नाहीच! संपाच्या आदल्या दिवशी मी तापाने पडलो होतो. शहरातून आलेल्या बदलीवाल्याने वाटप केलं. तुझ्या दारातच ठेवलं म्हणाला."

"माझ्या दारात? दिवसभर ये-जा करते तिथून, आंधळी आहे का मी?"

बोलता बोलता तिला पुढचं दार आठवलं. गावात सगळे मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने येतात. परक्या माणसाला हे कोण सांगणार? पुढचं दार उघडतं ते फक्त शवपेटी बाहेर काढायला. तिच्या सासूनंतर ते उघडलंच नव्हतं.

ती धावत घरी आली. खांद्याने रेटून तिने ते फुगलेलं दार उघडलं, बर्फ उकरला. खोकं सापडलं. आतल्या कुप्या गोठून दगड झाल्या होत्या. गोठलेलं इन्शुलिन म्हणजे नुसतं पाणी.

आतल्या खोलीतून सिरिलचा घाबरलेला आवाज आला, "व्हर्ना, पुढचं दार का उघडलंस गं?"