मान साले

सुलोचनाबाई शाळेतून निवृत्त झाल्या. शिकवण्यातून काही झाल्या नाहीत. एकतीस वर्षं पुलगावात मराठी शिकवलेली बाई आता घरी बसून भाजी निवडेल, अशी कुणाची समजूत असेल तर ती त्यांनी पहिल्याच महिन्यात खोटी पाडली. गावातल्या वाचनालयाचं सचिवपद घेतलं. पुण्याच्या मुलीनं दिलेला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत मांडला. आणि दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर इंटरनेटवर वाचनालयाचा ई-मेल ग्रुप काढला. एकानं काही लिहिलं की ते सदतीस सभासदांना जायचं, अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, मोहिनीलासुद्धा.

ग्रुपला कारण होतं. वाचनालयाच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे की नाही, यावरून वाद पेटला होता. अध्यक्ष प्रभाकरराव, बाजारातले कापडवाले, म्हणत, पुस्तकांना हात लावायचा नाही. शेतकरी असलेले अण्णाजी म्हणत, कॉम्प्युटर पाहिजेच. बैठकीत हे दोघं भांडत आणि बाकीचे चहा पिऊन घरी जात. दोन महिन्यांनंतरच्या एका रविवारी निकाल लावायचा होता.

बाई मनातून प्रभाकररावांच्या बाजूच्या. मागची खोली कादंबऱ्यांची. यजमान गेले त्या वर्षी घर खायला उठायचं, तेव्हा बाई रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसत. त्या खोलीनंच त्यांना सांभाळलं होतं. ती गेली तर आपलं कसं व्हायचं, हे त्यांना कळत नव्हतं. पण हे बोलायचं कुणापाशी? ग्रुप चालवणाऱ्यानं कुणाची बाजू घेऊ नये, असं त्यांचं तत्त्व.

ग्रुपचे नियम त्यांनी पहिल्याच पत्रात घातले. मोकळेपणानं लिहा, हा नियम एका ओळीत होता. शुद्ध लिहा, हा सहा ओळींत. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं कुणाला जमत नव्हती, म्हणून सगळे मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहीत. किराणा दुकानाच्या जिजाबाईंनी हौसेनं लिहिलं, "मले वाटते." बाईंचं उत्तर सदतीस जणांना गेलं: "मले नव्हे, मला. सुधारून पुन्हा पाठवावे." जिजाबाईंनी पुन्हा काहीच पाठवलं नाही. रूपरावांनी 'का'ऐवजी लिहिलेल्या "काऊन"चीही हीच गत झाली. महिन्याभरात लिहिणारे उरले चार, आणि त्यांतल्या एक स्वतः बाई.

गप्प बसलेला माणूस आपल्याच मताचा आहे असं वाटणं, हा मास्तरकीतला जुना रोग. बाईंना तो चांगलाच जडला होता. एक अण्णाजी सोडले तर बत्तीस जण गप्प आहेत, म्हणजे बत्तीस जणांना कादंबऱ्या हव्यात, असा त्यांनी हिशेब केला आणि निर्धास्त झाल्या. राहता राहिलं प्रभाकरराव-अण्णाजींचं भांडण. म्हणून नवा नियम काढला: विरोध करण्याआधी समोरच्याबद्दल एक चांगलं वाक्य लिहावं.

निकालाच्या रविवारआधीच्या गुरुवारी दुपारी बाई इंटरनेट लावून बसल्या असताना फाटकाशी स्कूटर थांबली. प्रभाकरराव कागद नाचवतच आत आले.

"बाई, मी राजीनामा देऊन राह्यलो. इतवारी तुम्ही अन् तुमचा अण्णाजी, दोघंच बसा!"

"अहो, झालं काय?"

"अर्ध्या घंट्यापासून फोन लावून राह्यलो, तुमचा फोन एंगेज!"

"इंटरनेट चालू असलं की फोन लागत नाही."

"मंग वाचलंच असन! सदतीस लोकाईपुढं त्यानं मले शिवी देल्ली. आयका." प्रभाकररावांनी कागद डोळ्यांपाशी धरला. "प्रभाकरराव सारख्या... मान साले! म्हंजे कबूल कर, साले! माया दुकानातून धोतर नेते अन् मलेच साले म्हन्ते!"

बाईंनी कागद हातात घेतला. इंग्रजी अक्षरांत स्वच्छ छापलेलं होतं: मान, मग मोकळी जागा, मग साले. मोहिनीनं अमेरिकेत वाचलं असेल!

"पुढचं वाचलंत का?"

"शिवी खाल्ल्यावर पुढं काय वाचाचं?"

तेही खरंच. रागावलेल्या माणसाला दुसरी ओळ नसते. बाईंनी पुढचं वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. जी वऱ्हाडी बोली एकतीस वर्षं त्यांनी मुलांच्या वह्यांतून खोडली, ती त्यांच्या आईची होती. त्यांनी मोठ्यानं, एका दमात वाचलं:

"प्रभाकररावसारख्या मानसाले वाचनालयाची जेवढी कदर हाय, तेवढी गावात कोनाले नाई."

प्रभाकरराव खुर्चीवर बसले.

"पुन्यांदा वाचा."

बाईंनी वाचलं.

"असं लेह्यलं त्यानं?"

"असंच. टाइप करताना मध्ये जागा सुटली."

"मंग 'माणसाला' काऊन नाई लेह्यलं? भानगडच नसती झाली!"

हे तर बाईंचंच म्हणणं. त्या मान डोलावणार होत्या. पण निदान विचारावं तरी, म्हणून इंटरनेट बंद करून त्यांनी अण्णाजींना फोन लावला.

"बाई," अण्णाजी म्हणाले, "माणसाला असं लेहून पाह्यलं मी. दोन महिने तेच करून राह्यलो. पन वाचलं का वाटे, हे आपन नाई, तुमच्या वर्गातलं पोरगं बोलून राह्यलं. म्हून पाठवलंच नाई. या खेपी म्हनलं, बाई रागावल्या तं रागावल्या. जिजाबाई, रूपराव, साऱ्यायनं लेहनं काऊन बंद केलं, तुमाले मालूम नाई?"

बाईंना मालूम नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. तेवढ्यात प्रभाकररावांनी फोन ओढून घेतला.

"अण्णाजी, ते कदरीचं खरं हाय का?"

"खरं हाय. पन खोली पायजेच."

"घरीच राह्यजो. मी येऊन राह्यलो."

राजीनामा द्यायचं ते साफ विसरले. स्कूटर गेली.

बाईंनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर माफी मागितली. "जसं बोलता तसं लिहा. मी खोडणार नाही," एवढंच लिहिलं. शनिवारी दुपारपर्यंत सव्वीस पत्रं आली. जिजाबाईंना पुण्याच्या नातवाचा चेहरा रोज पाहायचा होता. रूपरावांना कापसाचे भाव घरबसल्या हवे होते. मोहिनीनं अमेरिकेतून खास लिहिलं, "बाई, त्या खोलीत मले झोप येत जाय." आणि प्रभाकररावांनी, अण्णाजींकडे दोन वेळा चहा पिऊन आल्यावर, लिहिलं की मागची खोली द्यायला हरकत नाही. सव्वीसपैकी तेवीस कॉम्प्युटरच्या बाजूचे! ज्यांना आपल्या बाजूचे धरून बाई निर्धास्त होत्या, ते हेच.

खोली जाणार, हे उघड झालं. आपणच दार उघडलं आणि आपलंच घर लुटलं, असं त्यांना वाटलं. मग ग्रुप चालवणारीनं बाजू घेऊ नये हे तत्त्व त्यांनी गुंडाळून ठेवलं आणि पहिल्यांदाच स्वतःचं लिहिलं. यजमानांचं जाणं लिहिलं. त्या खोलीत काढलेल्या दुपारींबद्दल लिहिलं. "ती खोली माझी आहे असं मला वाटतं, म्हणून माझं मत विरोधात," असं शेवटी लिहिलं आणि पाठवून दिलं.

वीस मिनिटांनी अण्णाजींचं उत्तर आलं. सदतीस जणांना आलं.

"बाई, वाचून डोयाले पानी आलं. पन तुमचं चुकते."

एकतीस वर्षांच्या नोकरीत तुमचं चुकतं असं बाईंना पुलगावात कुणी म्हटलं नव्हतं. हेडमास्तरांनीही नाही. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. राग येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. उलट फार दिवसांनी कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं टाइप केलं:

"कुठं चुकते ते सांगा अण्णाजी. मी वाचून राह्यली."