फोरमनचा कान

"थांबा, थांबा! आता तोच गिअर परत टाका. अगदी तसाच, चुकीचा."

शिकाऊ बाईंनी घाबरून सूनबाईकडे पाहिलं. कालपर्यंत याच चुकीसाठी त्यांना बोलणी बसली होती. सूनबाईनं फोन काढून गिअरच्या दांड्याशी धरला होता. बाईंनी देवावर हवाला ठेवून क्लच अर्धवट दाबला आणि दांडा ओढला. गाडीच्या पोटातून असा काही करकराट उठला, की फुटपाथवर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"वा! फार सुंदर," सूनबाई म्हणाली. "आता आयुष्यात पुन्हा असं करू नका."

मोटार शिकवणं हे तिचं पोटापाण्याचं काम. आवाज गोळा करणं हे खूळ. 'कानोसा' नावाच्या ग्रुपवर लोक फोटो टाकत नसत, सुविचार तर नाहीच नाही, नुसते आवाज टाकत. आवाज दहा सेकंदांचा. बाकीच्यांनी तो कशाचा ते ओळखायचं आणि त्याला एक शब्द द्यायचा. खरखर, किरकिर, भुरभुर कधीच वापरून संपले होते. आता लोक शब्द नव्यानं पाडत होते. बर्फाच्या ट्रेवर कोमट पाणी ओतल्यावर बर्फ तडकतो तो आवाज कुणी पाठवी, न्हाव्याची कात्री केसांना लागायच्या आधी उगाचच हवेत चालते तो कुणी पाठवी. एका गृहस्थांनी जिना चढतानाचा स्वतःच्या गुडघ्याचा आवाज पाठवला, तेव्हापासून बिचाऱ्यांचं नावच 'गुडघा' पडलं. ग्रुप चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या हेडबाई. शब्द भले नवा असो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की हेडबाई तो बाद करत.

आणि या सगळ्यांच्या वर होते फोरमन, म्हणजे सूनबाईचे सासरे. छापखान्यात उभी हयात गेली त्यांची. चालत्या मशीनच्या अंगाला कान लावून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगत, आणि उघडून पाहिलं तर तेच निघे. छापखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली, कान तेवढा राहिला. सूनबाई रोज जेवणं झाल्यावर ग्रुपवरचे आवाज त्यांना ऐकवी आणि त्यांची उत्तरं टाईप करी. फोरमन चुकत नसत. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "परत लाव." दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून, समोर बसलेल्या सासूबाईंकडे बघत ऐकायचे आणि सावकाश उत्तर द्यायचे. ग्रुपवर या पद्धतीचा एवढा बोलबाला झाला होता, की गुडघ्यांनीही तशीच सुरू केली होती. त्यांना तिचा काडीचा उपयोग होत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्या संध्याकाळी सूनबाईनं मोठ्या उत्साहानं फोन टेबलावर ठेवला. नवरा नेहमीसारखा फिरतीवर होता, घरात हे तिघंच.

"बाबा, आजचा आवाज मी स्वतः पकडलाय. बघा ओळखता येतो का."

तिनं बटण दाबलं. फोरमननी डोळे मिटले, मान जराशी कलती केली. उजव्या हाताचं एक बोट टेबलावर हलकेच ताल धरल्यासारखं हलायला लागलं.

आणि सूनबाईच्या लक्षात आलं, की फोनमधून आवाज येतच नाहीये. इअरफोन पर्समध्ये चालूच राहिले होते. गाडीचा करकराट तिथे पर्समध्ये, किल्ल्या-रुमालांना ऐकू जात होता. खोलीत चिडीचूप होतं. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात फोरमन म्हणाले,

"हं. ओळखीचा वाटतोय. परत लाव."

सूनबाईनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. सूनबाईला पाहून त्यांनी कळेल न कळेलशी मान हलवली. नको, अशी.

"लावते हं, बाबा," सूनबाई म्हणाली, आणि खाली वाकून पर्समध्ये हात घातला.

या खेपेला करकराट घरभर झाला. सूनबाई आज पहिल्यांदाच फोरमनकडे न बघता सासूबाईंकडे बघत होती. सासूबाईंचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. *गाडी. गिअर.*

"गाडी आहे," फोरमन म्हणाले. "गिअर घालताना कुणीतरी क्लच खाल्लाय."

"बरोबर, बाबा," सूनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत फोरमन वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाई सवयीनं दार लोटायला गेल्या आणि अर्ध्यातूनच परत आल्या. आता त्याची काय गरज होती!

"कधीपासून, आई?"

"दीड वर्ष झालं असेल. मोठ्यानं, जवळून बोललेलं कळतं. बारीक सगळं गेलं. घड्याळ गेलं, नळ गेला, पाखरं गेली."

"आणि तुम्ही दोघांनी हे असं ठरवून..."

"ठरवलं कुठे? एक दिवस तू काहीतरी लावलंस आणि ते माझ्याकडे बघत बसले. नजर अशी, वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखी. माझे ओठ आपोआप हलले. मग रोजचंच झालं. त्यावर आम्ही एक अक्षर बोललेलो नाही."

"डॉक्टरकडे न्यायचं ना."

"कानातल्या मशीनचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. म्हणतात, मशिनं मी दुरुस्त करायचो, मला कसलं मशीन लावता." सासूबाईंनी ओट्यावरचं फडकं उगाचच पिळलं. "काही राहिलं नाही गं त्यांच्याजवळ. छापखाना नाही, सोबतचे कामगार नाहीत. लोक म्हणतात फोरमनचा कान, तेवढ्यावर माणूस सकाळी उठून दाढी करतो. तोही गेला असं चारचौघांत झालं तर खचतील ते."

आणि चारचौघांत व्हायची वेळ तर अगदी दारात येऊन उभी होती. रविवारी ग्रुपचं वार्षिक संमेलन होतं, फोनवरच, पण सगळे एकमेकांना दिसणार, बोलणार. त्यात हेडबाईंनी खास कार्यक्रम ठेवला होता: फोरमन सगळ्यांसमोर तीन आवाज ओळखणार. कुठले, ते हेडबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी कळवते हेडबाईंना, बाबांना बरं नाही म्हणून."

"खबरदार! त्यांनी शर्ट इस्त्री करून ठेवलाय. स्वतः केलीय इस्त्री."

शेवटी ठरलं ते असं. फोन टेबलावर उभा करायचा, सासूबाईंनी त्याच्या मागे स्टुलावर बसायचं. फोरमन फोनकडे बघताहेत असं लोकांना वाटेल, ते बघतील सासूबाईंच्या ओठांकडे. आणि सासूबाईच अडकल्या, तर त्यांनी नाक पुसायचं; सूनबाईनं कोपऱ्यातला वायफायचा डबा बंद करून टाकायचा. नेट गेलं, संपलं. यात कुणाची अब्रू जात नाही.

"तू भलतीच पोचलेली आहेस," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

रविवारी फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. पडद्यावर चाळीसेक डोकी चौकोनाचौकोनांत दाटीवाटीनं बसली होती. गुडघा अपेक्षेपेक्षा तरुण निघाले. हेडबाईंनी चष्मा सारखा केला आणि प्रार्थनेला उभं केल्यासारखं सगळ्यांना गप्प केलं.

पहिला आवाज लागला. फोरमननी डोळे मिटले, परत लावायला सांगितलं, डोळे उघडले. सासूबाईंचे ओठ हलले.

"काचेच्या बशीत टाचण्या पडताहेत," फोरमन म्हणाले. चौकोनांतून टाळ्या.

दुसरा लागला. सासूबाईंना ओळखायला क्षणही लागला नाही.

"फुगा. ओलं बोट फिरवलंय फुग्यावरून."

"अहो, हा माणूस आहे की काय आहे!" गुडघा ओरडले.

मग तिसरा लागला. सासूबाईंनी कान टवकारले, कपाळाला आठ्या घातल्या. फोरमननी डोळे उघडले आणि दुसऱ्यांदा ऐकलं. सासूबाईंचे ओठ थोडे उघडले, मिटले. फोरमन त्यांच्याकडे बघत राहिले.

"आणखी एकदा लावू का?" हेडबाईंनी विचारलं. तिसऱ्यांदा ऐकायची पाळी फोरमनवर कधी आली नव्हती.

"लावा," फोरमन म्हणाले.

तिसऱ्यांदा लागला. सासूबाईंना काही म्हणजे काही सुचेना. आयुष्यात कधीच कानांवर पडला नव्हता तो आवाज. त्यांचे डोळे भरून आले.

"फोरमनची बॅटरी उतरली वाटतं!" गुडघा म्हणाले. चौकोनांत हशा पिकला.

सासूबाईंनी नाक पुसलं. ते ठरल्याप्रमाणे पुसलं की खरंच पुसायची वेळ आली होती, हे सूनबाईला कळलं नाही. ती भिंतीला लागून सरकत सरकत कोपऱ्यात पोचली, वायफायच्या डब्यावर हात नेला.

"राहू दे गं," फोरमन म्हणाले. "नेट नको बंद करूस."

सूनबाईनं हात मागे घेतला.

"तुम्ही दोघी स्वयंपाकघरात काय शिजवता ते दिसतं मला. दार उघडं होतं." दीड वर्षं ओठ वाचून माणूस तयार होणार नाही तर काय! दोघींनी नेमका तेवढाच विचार केला नव्हता.

फोरमन फोनकडे वळले. या वेळेला खरोखरच फोनकडे. त्यांनी शर्टाची बाही उगीच खाली ओढली.

"मंडळी, मला ऐकू येत नाही. मोठं बोललेलं कळतं, बाकी नाही. दीड वर्षात तुम्ही जेवढे आवाज पाठवलेत, ते सगळे आमच्या हिनं ओळखलेत. मी नुसता तोंडानं बोलत होतो. आणि आजचा हा तिला येत नाहीये, म्हणून ती तिथे रडायला बसलीय. ते काही मला बघवत नाही."

मग ते सासूबाईंच्या स्टुलाकडे वळले.

"ये इकडे," फोरमन म्हणाले.

"अहो, केस तरी विंचरू द्या," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"ये म्हणतो ना."

त्या तशाच येऊन बसल्या, फोनच्या पुढे, त्यांच्या शेजारी. एवढ्या लोकांसमोर काय करावं ते न कळून त्यांनी आधी नमस्कार केला. तिकडून चाळीस नमस्कार आले.

"आता सांग. कसा आहे आवाज?"

सासूबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि शेजारच्या इमारतीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी फर्रर्र आहे! मग थप्! परत फर्रर्र, परत थप् थप्!"

"पाखरं?"

"पाखरं कशी असतील? पाखरं उडाल्यावर थप् करून परत तिथेच बसतात होय?"

"फर्रर्र कोरडं की ओलं?"

"कोरडं! खडखडीत कोरडं!"

फोरमननी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात टेबलावर पुढे आले, बोटं एका अदृश्य गठ्ठ्याच्या कडेवरून झरझर फिरली, मग दोन्ही तळव्यांनी त्यांनी काहीतरी चारी बाजूंनी ठोकून सारखं केलं. दोनदा केलं. मग डोळे उघडले.

"कोऱ्या कागदाची रीम आहे," ते म्हणाले. "मशीनवर चढवायच्या आधी कडेनं मोकळी करून घेतात, आत हवा जावी म्हणून. नाहीतर दोन-दोन कागद ओढले जातात. मग ठोकून सरळ करतात. कुणीतरी नवशिक्या आहे, जरा जास्तच ठोकतोय."

हेडबाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता.

"बरोबर आहे. मी मुद्दाम एका छापखान्यात जाऊन आणला. म्हटलं, शेवटचा आवाज तुमच्या घरचा असावा. तो पटकन ओळखाल आणि तुम्हाला आनंद होईल, असं वाटलं होतं."

"झाला," फोरमन म्हणाले.

"आणि शब्द?" हेडबाईंना नियम तो नियम. "शब्द द्यायचा राहिलाय."

फोरमननी सासूबाईंकडे बोट केलं.

"फर्थप," सासूबाई लाजत म्हणाल्या.

"थ पूर्ण की अर्धा?"

"तुम्ही बघा, बाई. मला नुसतं ऐकू येतं."

टाळ्या थांबेनात. त्यात गुडघा मध्येच म्हणाले, "म्हणजे माझा गुडघासुद्धा वहिनींनीच ओळखला होता?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "त्याला तेल लावत जा, भावजी."

संमेलन आटोपलं. सूनबाई चार्जरची वायर गुंडाळत कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. दोघं अजून तशीच शेजारी शेजारी बसली होती.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," फोरमन म्हणाले.

"घर डोक्यावर नाही घेणार?"

"नाही घेणार. पण एक सांग. ते मशीन लावल्यावर, तू भांडी घासताना पाठ फिरवून पुटपुटतेस, ते मला ऐकू येणार?"

"सगळं येणार."

"मग आधीच सांगून टाक काय काय बोललीस दीड वर्षात. एकदम कानावर आलं तर झेपायचं नाही."

सासूबाईंनी वळून सूनबाईकडे पाहिलं, मग फोरमनच्या हनुवटीला धरून त्यांचा चेहरा आपल्याकडे फिरवला. त्यांचे ओठ हलायला लागले, बिनआवाजाचे. बराच वेळ हलत राहिले. सूनबाईनं, सवयच ती, कान दिला. पण पंख्याखेरीज काही ऐकू आलं नाही.

फोरमन आधी हसले. मग हसू थांबलं, आणि त्यांनी सासूबाईंच्या हातावर हात ठेवला.

"हे मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले.