पाणीपुरवठ्याचा पत्तेवाला

मित्रांनो, मी एक जुना पत्तेवाला आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि दारोदार फिरायची हौसही नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, टेबलाखाली ठेवलेल्या एका कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. मी एक प्रोग्राम आहे. कोणतं काम कोणता सर्व्हर, म्हणजे कोणता कामकरी प्रोग्राम, करतो आणि तो कुठे सापडेल, एवढंच मला ठाऊक असतं.

आमच्या शहराचं पाणी नदीकाठच्या पंपघरातून टेकडीवरच्या टाकीत चढतं. टाकीत किती पाणी आहे हे कळल्याशिवाय पंप सुरूच होत नाही, अशी त्याची रचना आहे. ती पातळी सांगणारा सर्व्हर मात्र आमच्या ऑफिसात, माझ्याच कॉम्प्युटरमध्ये राहतो. मग पंपघरातलं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, दुरूनच त्याला हाक मारतं आणि म्हणतं, पातळी बघून सांग. पण घरच माहीत नसेल तर हाक मारायची कुठे? म्हणून ते आधी मला विचारतं. मी पत्ता देतो आणि बाजूला होतो. पुढचं बोलणं त्या दोघांचं. त्यात नाक खुपसणं मला जमत नाही.

मला लिहिलं एका चहाबाज इंजिनिअरने. त्याच्या कीबोर्डच्या फटींत बिस्किटाचा चुरा असायचा आणि तो स्क्रीनशी एकटाच बोलायचा. "माहीत नसेल तर सरळ नाही म्हण," तो मला बजावायचा, "पण अंदाज ठोकू नकोस. एकाला खोटा पत्ता दिलास की पुढे तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही." त्याने मला तीन कमांड शिकवल्या. काळ्या स्क्रीनवर 'नोंदव' लिहून सर्व्हरचं नाव आणि पत्ता दिला की मी तो लक्षात ठेवतो. 'दाखव' म्हटलं की असेल ते दाखवतो. 'काढ' म्हटलं की विसरतो. एक उणीव तेवढी राहिली. वीज गेली की माझी पाटी कोरी होते आणि सगळे पत्ते पुन्हा नोंदवावे लागतात.

हे काम वहिनीचं. ती इथली इंजिनिअर. तिचा धाकटा दीर पंपघर सांभाळतो आणि फोनवर तिला वहिनी म्हणतो, म्हणून अख्खं ऑफिसच तिला वहिनी म्हणू लागलं. मोठे साहेबसुद्धा! तिची पद्धत ठरलेली होती. पत्ता नोंदवला की ती फोन स्पीकरवर टाकायची. "भाऊजी, मारा हाक." तो पंपघरातून हाक मारून बघायचा. पातळी मिळाली की तिकडून आवाज यायचा, "आली, वहिनी!" तेव्हा कुठे ती डबा उघडायची. ते दिवस माझ्या मानाचे होते. एका वर्षी वीज सारखी जात होती, तरी नळ कधी कोरडे पडले नाहीत. तेव्हा मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटरवर थाप मारून "शाब्बास" म्हटलं होतं. ती थाप वहिनीसाठी होती की माझ्यासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग भिंतीवर, माझ्याच कॉम्प्युटरला जोडलेली, एक मोठी रंगीत स्क्रीन आली. सर्व्हर सापडला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. ठिपका दिसला की फोन कशाला करायचा? हळूहळू 'दाखव' कुणी म्हणेनासं झालं. माझ्या कॉम्प्युटरवर लोक पाय टेकवू लागले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! पण मनाशी पक्कं ठरवलं, पाय ठेवा नाहीतर पिशव्या ठेवा, कुणी पत्ता विचारला तर मी चोख सांगणार.

एके दिवशी वायरिंगच्या कामासाठी ऑफिसात सकाळपासून वीज बंद होती, त्यामुळे पंपही थांबलेला. वहिनी सासूबाईंना टेकडीवरच्या दवाखान्यात डायलिसिसला बसवून आली होती आणि तिला लगेच परत जायचं होतं. वीज आली तशी ती घाईघाईने नोंदणीला बसली. मित्रांनो, प्रत्येक कॉम्प्युटरकडे स्वतःलाच हाक मारायचा एक छोटा पत्ता असतो. त्याचा अर्थ 'मी स्वतः' एवढाच. पातळीच्या सर्व्हरपुढे पूर्ण पत्ता लिहायच्या ऐवजी वहिनीने तो छोटा पत्ता लिहिला. हिरवा ठिपका लागला. तिने पर्स उचलली.

ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच फोन वाजला. सासूबाई होत्या.

"अगं, इथल्या सिस्टर म्हणतायत टाकीचं पाणी संपत आलंय. दवाखान्यातला साठा थोडाच वेळ पुरेल, मग मशीन बंद करावं लागेल म्हणे. माझं अजून अर्धंसुद्धा झालेलं नाही गं."

सासूबाईंचा आवाज एरवी खणखणीत असतो. तो बारीक झालेला ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. तिने पंपघराला फोन लावला.

"वहिनी, पंप बंदच आहे. पातळी मिळत नाही म्हणतोय."

"मग मला कळवायचं नाही का, भाऊजी?"

"तुमचा फोन आला नाही. मला वाटलं, तुमच्याकडे वीजच आली नाही."

"अहो, आई मशीनवर आहेत!"

पलीकडे भाऊजी पंपाचं बटण पुन्हा पुन्हा दाबू लागला, ते इथपर्यंत ऐकू आलं. त्याची आईच ती.

वहिनीने पातळीचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. ठिपका हिरवाच. पंप बंदच. ती माझ्यावर घसरली. "या म्हाताऱ्याचंच काहीतरी बिनसलंय. काढूनच टाकते याला!"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड नाही. पंपघर पुन्हा पुन्हा विचारत होतं आणि मी नोंदवलेलं तेच सांगत होतो. मनाने दुसरा पत्ता द्यायचा मोह झाला, पण अंदाज ठोकायचा नाही म्हणजे नाही! मी फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होतो. कुणीतरी मला विचारायला हवं होतं.

वहिनीने कीबोर्ड ओढला. काळी स्क्रीन समोर येताच तिची बोटं जुन्या सवयीने चालली. तिने लिहिलं, 'दाखव'.

मी दाखवलं. तिने वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! पंपघराला मी 'मी स्वतः' असा पत्ता दिलाय! ते बिचारं आपल्याच घरात शोधत बसलंय. आणि आमची स्क्रीन इथेच शोधते, म्हणून तिला सर्व्हर सापडतोय."

तिने चुकीचा पत्ता काढला. खरा पत्ता एकेक अंक वाचत नोंदवला. मग फोनवर वाकून म्हणाली, "भाऊजी, मारा हाक."

तिने स्पीकरचा आवाज वाढवला. मग फोनमधून पंपाची घरघर ऐकू आली.

"आली, वहिनी! आली!"

वहिनी खुर्चीत बसली आणि रडली. थोड्या वेळाने सासूबाईंचा फोन आला. आवाज पुन्हा खणखणीत होता. "आलं बरं का पाणी! मला डॉक्टर घोट मोजून देतात, ते मी सोसते. पण या मशीनला तरी पोटभर पाजत जा!"

मित्रांनो, लवकरच माझ्या जागी नवा प्रोग्राम येणार आहे. वीज गेली तरी तो पत्ते विसरत नाही, असं म्हणतात. चांगलंच आहे. पण त्यालाही चुकीचा पत्ता दिला, तर तो चुकीचाच लक्षात ठेवील. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. घरात बसून सगळं ठीक दिसतं, तेव्हा बाहेरून एकदा कुणाला तरी हाक मारायला सांगा.

वहिनी आता तसं सांगते. भाऊजीचं "आली" ऐकल्याशिवाय ती डबा उघडत नाही. आणि डायलिसिसच्या दिवशी सासूबाई टेकडीवरून स्वतःच फोन करतात, "इथून सांगते गं, पाणी येतंय."

तो फोन आला की मला वाटतं, माझा पत्ता बरोबर पोचला.