शेवटचा रकाना

धाकटी सैन्यात जायचं म्हणाली, त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं औषधानं जाणारं नव्हतं.

आईची डावी बाजू लुळी पडून तीन वर्षं झाली होती. तिला भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं थोरली करायची आणि उरल्यासुरल्या वेळात मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. धाकटी पहाटे मैदानावर धावायला जायची ती उन्हं डोक्यावर आली की उगवायची, आणि आल्या आल्या जेवायला मागायची. तरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी धाकटी म्हणजे वाघीण आहे, वाघीण!" थोरली म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही.

थोरलीचं भरतीचं वय दीड वर्षापूर्वीच उलटलं होतं. ती कधी बोलली नाही, पण तारीख तिला पाठ होती.

अर्जाच्या शेवटी मोठा रकाना होता. सैन्यात का यायचं आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. धाकटीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"ताई, तूच लिही ना. देशसेवा वगैरे टाक काहीतरी छानसं," असं म्हणून तिनं कोऱ्या रकान्याखाली सही ठोकली आणि अंघोळीला पळाली.

थोरलीनं पेन उचललं. देश राहिला बाजूला. तिनं लिहिलं, 'आई अंथरुणाला खिळली आहे. मी थकले आहे. कधी कधी ती सुटावी असंही मनात येतं आणि मग दिवसभर स्वतःची लाज वाटते. मला लांब जायचं आहे. जिथे काम संपलं की संपलं, असं कुणीतरी सांगेल.' असली पोरगी कोण घेणार? पाकीट चिकटवताना तिला अगदी गार वाटलं.

मुलाखतीच्या दिवशी तिनं मशीनला हातही लावला नाही. धाकटी रडत येईल, तिला जवळ घ्यायचं, "जाऊ दे गं" म्हणायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. धाकटी आली ती दोन-दोन पायऱ्या गाळत.

"झाली निवड! सोमवारी निघायचं!"

आतल्या खोलीत आई आनंदानं रडायला लागली. थोरलीचं तोंड उतरलं, पण धाकटीचं लक्ष होतं कुठे? तिनं थोरलीला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"अधिकारी बाईंनी ते माझ्यासमोरच वाचलं गं. माझी तर पाचावर धारण बसली. म्हणाल्या, 'बाकी सगळ्याजणींनी एकच वाक्य लिहिलंय. हे खरं आहे?' मी हो म्हटलं."

"खोटं कशाला बोललीस?"

"खोटं कुठे? इतका वेळ काय मी धावत असायचे? घरी यायला पायच उचलायचे नाहीत. मैदानाच्या कडेला नुसती बसून राहायचे." धाकटीचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, असलं पाप माझ्या एकटीच्याच मनात येतं. तुला कसं कळलं, ताई? तू तर आईचं किती हसतमुखानं करतेस."

ते आपल्याच मनातलं होतं, हे थोरलीला सांगता आलं असतं. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असत्या आणि मन हलकं झालं असतं. पण धाकटीजवळ नाही असं एकच काहीतरी तिच्याजवळ होतं, आणि तेही मग उरलं नसतं.

"तुझ्या तोंडावर दिसायचं ते," थोरली म्हणाली. "मला नाही बाई कधी तसं वाटलं."