झुलमिराचं बंद दार

आमच्या रियाशु दो उम्बू गावात पाद्रीबाबा आनाक्लेतो प्रवचन बोलत नाहीत, गातात. आधी दोन ओळी पेटीवर, मग त्यांचा अर्थ, मग पुन्हा त्याच ओळी सगळ्यांनी मिळून. एकदा बिशपसाहेब चौकशीला आले होते. शेवटच्या बाकावर बसून ऐकलं, दोनदा साथही दिली आणि जेवून गेले. त्यानंतर चौकशी झाली नाही. मी पहिल्या बाकावरून सूर धरते, म्हणून लिंदोल्फोच्या घशाची हकिकत मला जवळून ठाऊक आहे.

लिंदोल्फो अकॉर्डियन वाजवतो. तरुणपणी त्यानं एक गाणं केलं, ‘झुलमिरा, दार का लावलंस’. नवरा घरी येतो, दाराला कडी. हाका मारतो, आतून उत्तर नाही. तिसऱ्या कडव्यात कळतं, की झुलमिरा एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून गेली. रेसिफेला जाऊन त्यानं ते रेकॉर्ड केलं, रेडिओनं उचललं आणि देशभर गेलं. साओ पावलोत विटा वाहणारी आमची माणसं ते ऐकून रडायची. ज्यांच्या बायका घरी धडधाकट होत्या, तेही रडायचे, सावधगिरी म्हणून. पुढे त्यानं पुष्कळ गाणी केली. लोक ती सभ्यपणे ऐकून घेत आणि म्हणत, “छान. आता ते म्हणा.”

घोटाळा एवढाच, की झुलमिरा ही त्याची लग्नाची बायको आणि ती कुठेही गेलेली नव्हती.

“तिचं नाव चालीत बसलं, त्याला मी काय करू?” तो म्हणायचा. “बहिणीचं घालून बघितलं होतं. कॉन्सेसांव. नाही बसलं.”

झुलमिराच्या थोरलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि लिंदोल्फोला मी कोंपाद्रे. झुलमिरा जवळच्या शहरात, कांपिना ग्रांदेलाही, माझ्याशिवाय गेलेली नाही. पण तिच्या घरावरून जाणारा प्रत्येक ट्रक भोंगा वाजवतो. बाजारात मक्याची कणसं निवडताना एखादी बाई विचारते, “परत कधी आलीस गं?” नातीच्या शाळेत मास्तरांनी विचारलं, की आजोबा आता एकटेच राहतात का. झुलमिरा कणसं निवडत राहायची. म्हातारी झाली, तरी भोंगे थांबले नाहीत.

यंदा कार्निव्हलनंतर लिंदोल्फोचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. फेब्रुवारीत, घसा राखणाऱ्या संत ब्रासच्या दिवशी, पाद्रीबाबा गळ्याला दोन मेणबत्त्या लावून आशीर्वाद देतात. त्या दिवशी हा झोपून राहिला होता, त्यामुळे कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितलं. बोलताच येत नव्हतं, त्यामुळे सल्ला त्यानं तंतोतंत पाळला.

ईस्टरच्या आठवड्यात आवाज परत आला. मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला बसले होते. तो खुशीत आला, अकॉर्डियन छातीशी घेतलं आणि “झुलमिरा...” एवढंच म्हणाला, तोच ती चुलीपासून म्हणाली, “ते नको. नवस बोललेय.”

“कसला नवस?”

“संत ब्रासला. आवाज दिलास, तर हा ते गाणं पुन्हा कधी गाणार नाही.”

“मला न विचारता?”

“तुला आवाज होता का उत्तर द्यायला?”

आमच्याकडे नवस बोलतो एक आणि फेडतो दुसरा. मी लहानपणी तापानं फणफणले, तेव्हा आईनं संत फ्रान्सिस्कोला नवस बोलला. त्यापायी माझं सगळं बालपण त्या संतासारख्या तपकिरी झग्यात गेलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

“कोमाद्रे ओतिल्या, तुम्ही सांगा हिला,” लिंदोल्फो मला म्हणाला. “जून येईल आता. संत जुआंवचा सण. ते गाणं नसेल, तर मला स्टेजवर बोलावतील तरी कशाला? ढोलवालाही माझ्यापेक्षा बरा दिसतो.”

“संताचं देणं आहे, कोंपाद्रे,” मी म्हणाले. “मी कोण सांगणारी?”

तो पाद्रीबाबांकडे गेला. पाद्रीबाबांनी पेटीवर सूर धरला आणि गाऊनच निकाल दिला, की दुसऱ्याच्या नवसानं माणूस बांधला जात नाही. जो बोलतो, तोच बांधला जातो. म्हणजे ते गाणं झुलमिरानं गायचं नाही.

“ती कधीच गात नाही.”

“मग नवस पाळला जातोय. देवाची स्तुती असो.”

“पण पाद्रीबाबा, हा कायदा संत ब्रासला माहीत आहे का?”

पाद्रीबाबांनी पेटी बंद केली. खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाले.

संत जुआंवची संध्याकाळ आली. दारोदारी लाकडं रचून आग पेटवली होती, कणसं भाजत होती, मक्याच्या खिरीवर दालचिनी पडत होती. चर्चसमोर स्टेज होतं. लिंदोल्फोनं नवी गाणी म्हटली. लोकांनी सभ्यपणे ऐकली. मग मागून एकजण ओरडला, “आता ते म्हणा!” आणि सगळं मैदान ‘दार, दार’ करायला लागलं.

त्यानं चाल सुरू केली आणि थांबला. एक हात गळ्यावर गेला. झुलमिरा आमच्या आगीपाशी कणीस फिरवत उभी होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“गाईल का गं?” मी विचारलं.

“घसा त्याचा आहे.”

“आणि तुझं काय?”

“माझं एवढंच,” ती कणसावरून नजर न काढता म्हणाली, “ट्रक कुठे होता, ते त्यानं एकदा सांगावं.”

लिंदोल्फोनं पुन्हा चाल धरली. चाल तीच होती.

*झुलमिरा, दार लावलंस ते बरंच केलंस रात्रीत,*
*ट्रक नव्हता, ड्रायव्हर नव्हता, नव्हतं कुणी दारात,*
*तू होतीस निजलेली गं, जपमाळ होती हातात,*
*पिऊन आलो, पडून राहिलो बकऱ्यांच्या गोठ्यात.*

ज्या माणसानं फर्माईश केली होती, तो म्हणाला, “काय, बकऱ्या?” त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. लिंदोल्फोनं दुसरं कडवं म्हटलं, त्यात एका बकरीनं त्याची टोपी खाल्ली. बायका हसायला लागल्या. तिसऱ्या कडव्याला पाद्रीबाबांनी साथ धरली. ती सवय आहे, त्याला इलाज नाही. मीही धरली.

पुरुषांना गाणं पूर्वीइतकं आवडलं नाही, हे खरं. एकदोघे तर उठून गेले.

“कोमाद्रे,” मी हळूच विचारलं, “हा नवस मोडला म्हणायचा का?”

झुलमिरानं कणीस सोलून मला अर्धं दिलं. “ते गाणं वेगळं होतं,” ती म्हणाली. “हे मी ओळखते. आणि टोपी बकरीनं नाही, बोकडानं खाल्ली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चमध्ये आली, संत ब्रासपुढे मेणबत्ती लावली आणि बराच वेळ बसली. बाजूच्या बाईनं सरकून जागा करून दिली. लिंदोल्फोचा घसा ठणठणीत आहे.

भोंगे काही थांबले नाहीत. पण परवा एक ट्रक घरासमोर थांबला. ड्रायव्हर टोपी काढून उतरला आणि बकऱ्यांचा गोठा कुठला, असं विचारू लागला. फोटो काढायचा होता.

“बकऱ्या कधीच मेल्या,” झुलमिरा दारातून म्हणाली. दार उघडं होतं. “तो बघा ओसरीवर बसलाय. त्याचा काढा.”